दुसरा पलंग

कपाट चुकीच्या घरात गेलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

खरं तर तसं व्हायला नको होतं. ज्या घराण्याचा धंदाच इकडचं सामान तिकडे नेऊन ठेवायचा, त्या घरातल्या पोरीने उजव्या दाराऐवजी डाव्या दारात कपाट न्यावं, हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडण्यासारखं. पण त्या दिवशी पाऊस असा तिरका लागला होता की धाकटीच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. पाठीवर कपाट, कपाळावर पट्टा, मागून दादाचा आधार, आणि मान वर करायची सोय नाही. दार उघडलं तेव्हा तिला दिसले ते फक्त दोन पाय. एकात मोजा होता, दुसरा अनवाणी.

"कुठे ठेवू?"

वरून आवाज आला, जरा जास्तच मोठा. "खिडकीपाशी ठेवा की."

धाकटीने कपाट खिडकीपाशी ठेवलं. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. अंगावरच्या कोरड्या राहिलेल्या एकमेव रुमालाने कपाटावरचं पाणी पुसलं, चावी फिरवून दाखवली, आणि मग कुठे ती ताठ उभी राहिली.

समोर साधारण तिच्याच वयाची एक बाई उभी होती. आखूड केस, हातात दुसरा मोजा. "सुरेख आहे हो," ती म्हणाली. "पण माझं नाही."

"काय तुमचं नाही?"

"हे कपाट. समोरच्या बाईंचं असेल. बिचाऱ्या सकाळपासून दारात उभ्या आहेत."

दादाने कपाळावर हात मारला आणि समोरच्या बाईंची समजूत काढायला गेला. धाकटी मात्र भडकली. "मग आधी बोलायचं ना!"

"बोलणार होते..." मोजा या हातातून त्या हातात गेला. "पण कपाट घेऊन आत येताना तुम्ही फार छान दिसत होतात. म्हटलं, ठेवताना कशा दिसता तेही बघून घ्यावं."

धाकटीची कानशिलं तापली. आयुष्यात तिला लोक 'पोरगी असून केवढं उचलते' असं म्हणाले होते. 'छान' कुणी म्हणालं नव्हतं, निदान ओझ्याखाली असताना तरी नाही.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय?"

"ठेवताना कशी दिसले?"

"नीट नाही बघता आलं. परत उचला बरं."

तर अशी ओळख झाली.

त्या बाईचं काम कानांचं. ऐकू कमी येऊ लागलेल्यांचे कान तपासायचे, त्यांना यंत्र बसवून द्यायचं. नोकरीसाठी ती लांबच्या, वेगळ्याच देशातून आली होती. इथली भाषा इथेच शिकली, आणि शिकवणारे कोण, तर तिच्याकडे येणारी म्हातारी मंडळी. त्यामुळे ही तिशीतली बाई बोलायची ऐंशीच्या आजीसारखी, आणि तेही समोरचा बहिरा आहे असं धरून. 'अगं बाई!' हे तर उठता बसता. 'आताशा अन्न पचत नाही हो', 'आमच्या वेळी असं नव्हतं', असलं काहीबाही ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायची. दादाने त्याच दिवशी तिचं नाव कानवाली ठेवलं, ते चिकटलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटी तिच्या दवाखान्यात जाऊन बसली. म्हणे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

"कधीपासून?"

"कपाटापासून."

कानवालीने हसू दाबलं आणि तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. कानांवर जाड गाद्यांचं यंत्र चढवताना तिची बोटं धाकटीच्या केसांत जरा जास्त वेळ राहिली. निदान धाकटीला तसं वाटलं. काचेपलीकडून आवाज थेट कानात आला. "आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी."

थोडा वेळ गेला. धाकटीने बोट वर केलं.

"मी अजून सुरूच केलेलं नाही."

"पण मला येतोय ऐकू."

"कसला?"

"माइक चालू आहे तुमचा. तुम्ही श्वास घेताय... भराभर."

काचेपलीकडची बाई लाल झाली आणि तिने माइक बंद केला. मग चालू केला. म्हणाली, "कान ठणठणीत आहेत. पुन्हा यायची गरज नाही." आणि लगेच, "दवाखान्यात."

त्यानंतर दोघी एकमेकींकडे जात-येत राहिल्या. पाऊस थांबला, थंडी आली. कानवालीच्या खिडकीत बसून दोघी चहा प्यायच्या, कपाट होतं त्याच जागी. धाकटीच्या खांद्यावर पट्ट्याचा एक जुना वळ होता, कायमचा. कानवाली त्यावरून बोट फिरवत विचारायची, "दुखतं?" धाकटी म्हणायची, "नाही." "मग ओरडतेस का?" "ओरडले कुठे?" "मला ऐकू आलं." कानांच्या माणसाशी कोण वाद घालणार?

आता धाकटीच्या घरच्यांविषयी.

सामान हलवणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं सगळं दिसतं. लग्नाचा ट्रक आणि काडीमोडाचा ट्रक यांत फरक काय, ते बाबा पहिल्या खोक्यावरून सांगत. नवरा माळ्यावर झोपतो की गादीवर, सून सासूची भांडी वापरते की आपली वेगळी ठेवते, सगळं त्यांना सामानावरून कळे. 'दोन उशांपैकी एकच दबलेली असेल, तर तो पलंग हळू उचलावा,' असं ते नव्या गड्यांना शिकवत. पण गिऱ्हाइकाला 'का' म्हणून विचारायचं नाही, ही त्या घराची शपथ होती. कुठून कुठे, एवढंच विचारायचं. पिढ्यान्पिढ्या असं करता करता ती सवय ट्रकमधून उतरून घरात शिरली. घरातही कुणी कुणाला 'का' विचारत नसे. दादाने ठरलेलं लग्न मोडून भलत्याच मुलीशी केलं, तेव्हा बाबांनी फक्त विचारलं होतं, "मुलीचं सामान किती आहे?"

अशा घरात कानवाली येऊ-जाऊ लागली. सगळ्यांना आवडली. आईने तिच्या मापाच्या सपाता आणून दाराशी ठेवल्या. वहिनीने तिच्यापाशी सासूच्या चहाड्या सांगायला सुरुवात केली, म्हणजे ती घरचीच झाली म्हणायची. बाबा तिला 'अहो डॉक्टरीणबाई' म्हणत, स्वतः उठून खुर्ची देत. धाकटीची मैत्रीण. अळीमिळी गुपचिळी. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, आणि धाकटीला वाटू लागलं की हे असंच छान चाललंय, चालू द्यावं.

कानवालीच्या घरची तऱ्हाच निराळी. तिच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. मुलीने तिला सांगितलं, तेव्हा ती दिवसभर रडली. मग डोळे पुसून शेजारणीला सांगून आली, मग कोपऱ्यावरच्या पाववाल्याला, आणि दाढ काढायला गेली तेव्हा तोंड उघडायच्या आधी दंतवैद्यालासुद्धा. 'माझ्या मुलीचं एका मुलीवर प्रेम आहे, आणि मी काही वाईट आई नाही.' दंतवैद्य म्हणाला, 'आ करा.' वडीलही तितक्याच मोठ्याने बोलले होते. एकदाच. त्यानंतर ते मुलीशी आजवर बोलले नव्हते. बोलणाऱ्या घराचं हे असं असतं. 'हो' मोठ्याने येतं, तसं 'नाही'सुद्धा.

हे सगळं सुरळीत चालू होतं, ते दोघींनी मिळून भाड्याने घर घेईपर्यंत. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण दोन्ही बाजूंनी उजेड. सामान हलवायचं म्हटल्यावर जिना बघायला रीतसर दादा जाऊन आला. कानवाली आधीच तिथे राहायला गेली होती, तिचं सामान लावून झालं होतं. धाकटीचं तेवढं यायचं होतं. त्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "जिना अरुंद आहे. वळणावर जपावं लागेल." मग जरा थांबून, "तिथे पलंग एकच आहे."

आई म्हणाली, "आमटी वाढू का?"

"बाबा," दादा पुन्हा म्हणाला, "पलंग एकच आहे म्हटलं."

"ऐकलं," बाबा म्हणाले. शांतपणे जेवत राहिले. शेवटी ताटावरून उठताना म्हणाले, "बघतो काय ते."

काय बघणार होते, देव जाणे. धाकटीला तेव्हाच विचारता आलं असतं. पण त्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

"सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी नव्या घरात कानवालीने विचारलं. ती पडदे लावत होती, स्टुलावर उभी.

"दादाला कळलंय बहुतेक."

"कळणं वेगळं, सांगणं वेगळं."

"आमच्याकडे नाही वेगळं."

"अगं बाई, शनिवारी माझी आई येतेय! तुझे बाबा सामान घेऊन येणार, ती त्यांना मिठी मारणार. 'आपल्या मुली' म्हणणार. मग?"

"बाबांना कुठे तिची भाषा कळतेय?"

"मिठी मारायला भाषा लागते होय?"

धाकटीने पडद्याची खालची कड उगाचच सरळ केली. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "तुझे बाबा काय बोलले ते तूच सांगितलंस. माझे अजून काहीच बोललेले नाहीत. झाकली मूठ आहे ती. झाकली आहे तोवर सव्वा लाखाची. उघडली आणि..."

कानवाली स्टुलावरून उतरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली, इतक्या हळू की धाकटीला पुढे वाकावं लागलं.

"मी उघडून बघितली माझी मूठ. अर्धी रिकामी निघाली. तरी त्यानंतर मी कुणाच्या दारात खोटी उभी राहिले नाही. शनिवारी तुझे बाबा येतील, तेव्हा मी मैत्रीण म्हणून दार उघडणार नाही. आईसमोर तर नाहीच. सांगितलं नसशील, तर आईबरोबर मी परत जाईन."

"किती दिवस?"

"ते मला माहीत नाही."

शनिवारपर्यंत धाकटीने सांगितलं नाही. सांगायला बसली की आई भाजी निवडायला हाक मारायची, वहिनी मधेच यायची, बाबा तर घरात नसतच. गोदामात काहीतरी ठोकाठोक चालायची त्यांची. ही सगळी कारणं खरी होती, आणि एकही खरं कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी आकाश भरून आलेलं. ट्रक नव्या घरापाशी लागला, दादाने मागची फळी पाडली. धाकटीची खोकी, तिचं कपाट, सायकल – आणि सगळ्यांच्या मागे, जाड कांबळ्यांत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक, तिने न बांधलेलं.

"हे काय?"

बाबांनी कांबळं बाजूला केलं. जुन्या लाकडाचा एकेरी पलंग होता. घासून, पॉलिश करून नव्यासारखा केलेला. कुणी गिऱ्हाईक कधीकाळी गोदामात सोडून गेलेलं.

"दादा म्हणाला ना, पलंग एकच आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात न दाखवलेला आनंद होता. "मग डॉक्टरीणबाईंनी काय फरशीवर झोपायचं? कंबर धरते अशाने. आठवडाभर घासतोय. बघ, हात फिरवून बघ."

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादा दोरीची गाठ सोडवत होता, जी आधीच सुटलेली होती. "मी दोनदा म्हटलं यांना," तो पुटपुटला. "याहून मोठ्याने कसं म्हणू?"

"खोकी नंतर," बाबा म्हणाले. "आधी हा. सांधे चिकटवलेले आहेत, सुटा होत नाही. अख्खाच न्यावा लागेल. तू खालची बाजू धर."

लहानपणापासून ती खालची बाजू धरत आली होती. जड बाजू खालची असते, पण वरचा माणूस उलटा चढत असतो, त्याला पायरी दिसत नाही. खालच्याने बघायचं आणि सांगायचं. पायरी... पायरी... वळण. दोघांची त्यात अशी सवय झालेली की बाबा तिच्या आवाजावर डोळे मिटून चढायचे.

पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावरून चौथ्याकडे वळताना पलंगाची डोक्याकडची फळी कठड्यात अडकली. मागे घेतली, तिरकी केली, उभी केली. जिना खरंच अरुंद होता. बाबा वर, ती खाली, मधे पलंग. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. मोजे घातलेले दोन पाय जिन्याच्या टोकाशी येऊन थांबले.

"थोडा डावीकडे घे," बाबा म्हणाले.

धाकटीने घेतला नाही. "बाबा, हा पलंग नको."

"का? चांगला आहे."

"चांगला आहे. पण नको."

"अगं, मग त्या झोपणार कुठे?"

"माझ्याशेजारी."

"एखाद-दोन दिवस ठीक आहे गं. पण रोज—"

"रोज, बाबा."

जिन्यात कुणी हललं नाही. वरचे पायही नाहीत. बाबांनी फळीवरची पकड घट्ट केली.

"म्हणजे..." ते म्हणाले.

"म्हणजे तेच. मैत्रीण नाही ती. तिच्यावर प्रेम आहे माझं. तिचंही आहे." पुढचं बोलायला तिला पुन्हा श्वास घ्यावा लागला. "बायकोसारखं. नवऱ्यासारखं. काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण दोन पलंग लागतात तसलं नाही."

"माझ्या हातात वजन असताना सांगतेस हे?"

"हात मोकळे असते, तर तुम्ही निघून गेला असता."

ते खरं होतं, हे बाबांनाही ठाऊक होतं. त्यांनी गुडघ्याचा टेकू फळीला दिला. खालून पावसाचा आवाज येऊ लागला होता. जगभरचं सामान वाचणारा माणूस, काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होता, हे त्यांना कळत असावं. एकेक वस्तू आठवत असावी. धाकटीच्या खोलीतले दोन कप. दाराशी ठेवलेल्या सपाता.

"सकाळी तुझी आई म्हणाली, पलंग राहू द्या," ते अखेर म्हणाले. "मी म्हटलं, का? पहिल्यांदाच विचारलं असेल तिला. तर म्हणते, न्या मग, तुमच्या मनासारखं होऊ दे." त्यांचा आवाज चिरका झाला. "तिला माहीत होतं?"

"मी नाही सांगितलेलं."

"आणि दादाला... म्हणून तो सारखं पलंग, पलंग—"

"हो."

"म्हणजे मीच तेवढा." मग अगदी हलक्या आवाजात, वरच्या पायांना ऐकू जाऊ नये अशा बेताने – पण त्या कानांपुढे काय लपणार – त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का गं? लहानपणापासून तुला ओझी उचलायला लावली... मुलासारखी... त्याने झालं का हे?"

धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. "बाबा, ओझी दादानेही उचलली."

बाबांनी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

तेवढ्यात खालून कुणीतरी धापा टाकत वर आलं. एक गोल, ठेंगणी बाई, भिजलेली, हातात चाकांची बॅग. धाकटीला पाहताच तिने बॅग सोडली, ती दोन पायऱ्या गडगडत गेली, आणि बाईने मागून धाकटीला घट्ट मिठी मारली. तिच्या भाषेत काहीतरी अखंड बोलत, पाठीवर थोपटत, डोळ्यांतून पाणी काढत.

"सोडा! अहो, सोडा, पडेल!" धाकटी ओरडली.

"आई, सोड तिला, तिच्या हातात पलंग आहे!" वरून कानवाली ओरडली, आधी इथल्या भाषेत, मग त्यांच्या.

कानवालीच्या आईने मिठी सोडली नाही, फक्त एक हात काढून पलंगाला लावला आणि वर बाबांकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"ती विचारतेय..." कानवालीचा आवाज दुसऱ्यांदा हळू झाला होता. "तुम्हाला आनंद झाला का, असं विचारतेय. राहू द्या. तिला सवय आहे विचारायची."

"असं कुणी विचारतं का एकदम?" बाबा म्हणाले. "त्यांना सांगा, आताच कळलंय मला. आनंदाचं नंतर सांगतो. आत्ता हात भरून आलेत."

हे भाषांतर होऊन खाली पोचलं. आईने मान डोलावली, जणू इतकं समजूतदार उत्तर तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. निदान तिच्या घरच्या पुरुषाकडून तरी नाही.

बाबांनी पलंगाकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर.

"मग हा वर कशाला नेतोय आपण?" ते म्हणाले. "चला. खाली घ्या."

चढवण्यापेक्षा उतरवणं कठीण. खालच्या माणसाच्या अंगावर सगळं येतं. धाकटीने पकड बदलली आणि तिचे हात असे थरथरू लागले की फळी कठड्यावर वाजायला लागली. बाबांनी ते ऐकलं.

"तू सोड. हात बघ तुझे."

"मी धरते, बाबा."

"सोड म्हटलं ना. पडला तर पायावर पडेल." त्यांनी मान मागे वळवून वर पाहिलं. त्या घराण्यात परक्या माणसाच्या हाती ओझं देत नसत. परक्याला खुर्ची देत. चुकला तर त्याच्यावर ओरडता येत नाही, म्हणून.

"ए पोरी," ते म्हणाले. "उभी काय राहिलीस? पलंगाखालून तिकडे जा. खालची बाजू धर."

कानवाली ऐंशीच्या आजीसारखी म्हणाली, "अगं बाई!" आणि वाकली. मोज्यांवर घसरत, बाबांच्या पायांजवळून, पलंगाच्या पोटाखालून रांगत ती धाकटीपाशी निघाली. केसांना भुसा लागलेला, डोळे ओले. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने तिच्या हातात फळी दिली, बोटं कुठे ठेवायची ते बोटांनीच दाखवलं, आणि बाजूला भिंतीला टेकली. आयुष्यात पहिल्यांदाच बाबा ओझं घेऊन निघाले होते आणि तिचे हात रिकामे होते. कानवालीच्या आईने त्यातला एक लगेच पकडला.

"पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकव!" बाबा ओरडत होते. "डोळे कुठे आहेत तुझे?"

"पलंगावर!"

"पलंगावर कशाला? पायरीवर ठेव! आता डावीकडे. अगं, माझं डावं नाही, तुझं डावं!"

"मग तसं आधी सांगायचं ना! आमच्या वेळी—"

"तुझी कसली आलीय वेळ? धर नीट!"

आवाज एकेक पायरी खाली जात राहिले, भांडत. धाकटी कठड्यावरून वाकून बघत होती. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बाई भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटली.

"राहायला आलात की चाललात?" तिने विचारलं. "कोण येतंय वर?"

पलंग थांबला. बाबांनी श्वास घेतला. वर धाकटीला तो ऐकू आला.

"माझी मुलगी येतेय," ते म्हणाले, "आणि ही. दोघींचा संसार आहे."

"अगोबाई. मग पलंग परत का नेताय?"

"एक आहे त्यांच्याकडे. पुरतो," बाबा म्हणाले. "सरका जरा, वजन आहे."